मी हाक मारली तरी दार उघडू नका

एल्विरा मोन्तेसचा आवाज बंद करायचा अधिकार आता एल्विरा मोन्तेसला उरलेला नव्हता. करारात तसं स्वच्छ लिहिलं होतं आणि तिने तो वाचून सही केली होती. भोळी नव्हती ती. रेडिओ बंद पडत होता, आणि खोऱ्यातल्या माणसांना त्यांच्या भाषेत चार गोष्टी सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. म्हणून केली सही.

खोरं म्हणजे सान आमादोर. अमेरिकेच्या पश्चिमेला, डोंगरांच्या दोन रांगांमधली सपाट जमीन. अर्ध्या देशाच्या ताटातली भाजी इथून जाते, आणि ती तोडणारे हात मेक्सिकोतून, ग्वातेमालातून आलेले. इथली शेतं इंग्रजीत विकली जातात आणि पिकं स्पॅनिशमध्ये निघतात. सरकारी इशारे मात्र इंग्रजीत. विहिरीचं पाणी पिऊ नका, शाळा उद्या बंद, मुकादमाने मजुरी कापली तर अमुक दाराला जा, हे सगळं खोऱ्याला सांगायचं काम एल्विराने तरुणपणापासून केलं. एका गोदामावरच्या खोलीतून, एका जुन्या मायक्रोफोनवरून.

तिची पद्धत साधी होती. रोज सकाळी ती खोऱ्यातल्या कुणाला तरी फोन लावायची आणि विचारायची, तुमच्या खिडकीतून काय दिसतंय? कालव्याजवळचा म्हातारा फेर्मिन सांगायचा, पाणी चढलंय. शाळेजवळची कुणी सांगायची, पोलिसांच्या दोन गाड्या उभ्या आहेत, कशासाठी ते माहीत नाही. या कार्यक्रमाचं नावच ‘खिडकी’. एल्विरा एकटी बोलली तर ती बातमी, आणि शेजाऱ्याने खिडकीतून पाहून सांगितलं की ते खरं, असा खोऱ्याचा हिशेब होता.

दुसरी पद्धत धाडींची. कागदपत्रं नसलेल्यांना पकडायला सरकारी माणसं यायची, तेव्हा एल्विरा गाणं मधेच तोडायची. दार लावा. दिवे बंद करा. दाराला कपाट लावा, पोरांना घेऊन मागच्या खोलीत बसा. न्यायाधीशाच्या सहीचा कागद दाखवल्याशिवाय त्यांना आत येता येत नाही, म्हणून ते तुम्हीच दार उघडावं यासाठी काहीही बोलतील. गॅस गळतोय म्हणतील. शेजारी मेला म्हणतील. एकदा, अशाच एका वाईट दिवशी, तिने पुढे सांगून टाकलं: “मी स्वतः बाहेर उभी राहून हाक मारली तरी दार उघडू नका. मला त्यांनी धरून आणलेलं असेल.”

त्या वाक्याने शेकडो घरं वाचली. बायका ते पोरांना पाठ करून घ्यायच्या.

मनस्वी इंगोले वसमतची. आवाजाचं तंत्रज्ञान शिकायला अमेरिकेत आली, मोठ्या कंपन्यांनी घेतलं नाही, आणि शेवटी या गोदामावरच्या खोलीत नोकरी मिळाली. स्पॅनिश ती एल्विराचं बोलणं कापता-जोडताच शिकली. राहायलाही तिच्याकडेच. एल्विरा तिला ‘मिहा’ म्हणायची, म्हणजे पोरी. ही तिला सगळ्या खोऱ्यासारखी ‘दोन्या एल्विरा’ म्हणायची, आपल्याकडे बाईसाहेब म्हणावं तसं, पण जिव्हाळ्याने. मनस्वीच्या तिखटाला एल्विरा नाक मुरडायची. तुमच्या देशात मिरच्या आमच्याकडूनच गेल्या, आणि आता आम्हालाच शिकवता, असं रोजचं चालायचं.

सही घेणारी कंपनी आली ती ‘ओईदो’ घेऊन. स्पॅनिशमध्ये ओईदो म्हणजे कान.

माणसाच्या कानात, पडद्याच्या पलीकडे, शरीरातलं सगळ्यात लहान हाड असतं, आणि त्याला धरून ठेवणारा सगळ्यात लहान स्नायू. मोठा आवाज आला की तो आखडतो आणि कान वाचवतो, हे जुनंच ज्ञान. कंपनीच्या संशोधकांना वेगळंच सापडलं. ज्या आवाजावर आपला भरवसा असतो तो ऐकताना हा स्नायू किंचित सैल पडतो, आणि शंका आली की आखडतो. आपल्याला शंका आली हे आपल्याला कळायच्या आधीच आखडतो. कानात बसणाऱ्या इअरबडमधून बारीक ध्वनिलहर सोडली की तिच्या प्रतिध्वनीवरून हे मोजता येतं. म्हणजे माणूस आत्ता ऐकलेल्या वाक्यावर विश्वास ठेवतोय की नाही, हे यंत्राला वाक्य संपायच्या आत समजतं. मग पुढचं वाक्य त्या बेताने बनवता येतं.

एवढं हातात आल्यावर कंपनी कशाला थांबते? प्रत्येक कानासाठी वेगळी बातमी. आवाज एल्विराचा, कारण खोऱ्यातले स्नायू त्या आवाजाला सैल पडायचे. तीस-पस्तीस वर्षांची ध्वनिमुद्रणं मनस्वीने साफ करून, कोणता प्रसंग आणि त्यात एल्विरा काय म्हणाली, अशा खुणा घालून यंत्राला दिली. ते तिचं कामच होतं. ‘खिडकी’सुद्धा यंत्र बनवायला लागलं. फेर्मिनचा आवाज, शाळेजवळच्या बाईचा आवाज. त्यांनी पूर्वी कधीतरी फोन उचलला होता, तेवढं पुरे.

लोक खूश होते. कुणाचं नाव घेऊन एल्विरा आजवर त्याच्या एकट्याशी बोलली होती? आता रोज बोलायची. खऱ्या एल्विराचा मायक्रोफोनही ओईदोलाच जोडलेला होता. ती जे बोलेल ते कोणाच्या कानात किती जायचं हे यंत्र ठरवायचं.

एल्विराची लेक आरासेली ‘लास पाल्मास’मध्ये राहायची, चाकांवरच्या पत्र्याच्या घरांच्या वस्तीत. चाकं असून ती घरं कधी कुठे जात नाहीत. नवरा नेस्तोर, त्याच्याकडे कागद नव्हते, आणि दोन लहान मुली. आरासेली हल्ली आईला फोन करत नसे. एकदा एल्विरा न राहवून तिथे गेली, तर लेक म्हणाली, “कशाला आलीस? सकाळीच तर बोललो आपण.” तिच्या कानात इअरबड होता. घरी आल्यावर एल्विरा मनस्वीला एवढंच म्हणाली, की तिथे मी माझ्यापेक्षा चांगली बोलते म्हणे.

मनस्वीच्या आईचंही तेच. ओईदो मराठीत निघालं होतं. बंद पडलेल्या एका रेडिओ केंद्रावरच्या निवेदिका सुमनताई, त्यांचा आवाज. रविवारचा फोन आला की आई सुमनताईंचंच सांगायची. “नाव घेऊन बोलतेत गं माझ्याशी. गुडघ्याचं इचारतेत. तू इचारतीस का कधी गुडघ्याचं?” मनस्वीने हे सगळं खोटं असतं म्हणून सांगून पाहिलं. आईने हसण्यावारी नेलं.

तो रविवार हिवाळ्यातला. खोऱ्यात हिवाळ्यात धुकं बसतं ते दुपारपर्यंत उठत नाही, हातभर अंतरावरचं दिसत नाही. दहाच्या सुमाराला अग्निशमन दलाच्या कॅप्टनचा फोन आला. लास पाल्मासच्या वरच्या अंगाला भाजीचं मोठं शीतगृह आहे, त्याची अमोनियाची वाहिनी फुटली होती. अमोनिया एरवी हवेहून हलका. पण दाबाखाली द्रव करून ठेवलेला अमोनिया फुटून बाहेर आला की इतका गार असतो, की ओल्या हवेत त्याचा जड पांढरा ढग होतो आणि तो जमिनीला चिकटून उताराकडे सरकतो. डोळा, घसा, फुप्फुस, जिथे ओल तिथे तो शिरतो आणि जाळतो. धुक्यात तो ढग धुक्यासारखाच दिसत होता.

इशारा सगळ्यांच्या फोनवर गेला होता. इंग्रजीत. कॅप्टनची माणसं दारं ठोकत फिरत होती आणि एकही दार उघडत नव्हतं. आत माणसं होती, पोरांचं रडणं ऐकू येत होतं. कॅप्टन म्हणाला, बाई, तुमचं ऐकतात ते. तुम्ही सांगा.

एल्विराने मायक्रोफोन ओढला. तिने अमोनिया सांगितला, कुठून येतोय ते सांगितलं, ओलं फडकं तोंडावर धरा आणि वाऱ्याला आडवे कालव्याकडे चाला, दारावरची माणसं मदतीची आहेत, दार उघडा. मोजकं, नीट, जसं तिने आयुष्यभर सांगितलं तसं.

मनस्वीच्या पडद्यावर ओळ आली: श्रोत्यांचा विश्वास घटतो आहे, निवेदन राखून ठेवलं आहे.

“गेलं का?” एल्विराने विचारलं.

“नाही.”

“पुन्हा सांगते.”

“दोन्या एल्विरा, ते पुन्हाही जाणार नाही.”

मनस्वीने लास पाल्मासमधला एक कान उघडून ऐकला. तेवढी सोय तिला होती. एल्विराचाच आवाज होता. शांत, गरम दुधासारखा. दाराबाहेर बूट वाजतायत, इंग्रजीत ओरडतायत, मला ऐकू येतंय. तू घाबरू नकोस. दाराला कपाट लाव, मुलांना मागे घेऊन बस. वास येतोय तो शेतात खत मारतायत त्याचा. मग फेर्मिनचा आवाज: माझ्या खिडकीतून दिसतायत मला, गणवेशातली माणसं आहेत, तोंडं झाकलेली.

यंत्र खोटं बोलत होतं असं म्हणणं सोपं आहे. त्याने शेकडो घरांतली दारावरची थाप ऐकली, जड बूट ऐकले, ओरडणं ऐकलं, काळजाचे ठोके मोजले. हा प्रसंग त्याला शिकवलेला होता. या प्रसंगात एल्विरा काय सांगते तेही शिकवलेलं होतं. शीतगृह, ढग, इंग्रजीतला इशारा, हे सांगायला घेतलं की ते स्नायू आखडत होते, कारण गॅस गळतोय असं पकडायला आलेलेच म्हणतात, हे एल्विरानेच सांगून ठेवलं होतं. आणि ओईदो असं काही बोलतच नाही ज्याने स्नायू आखडेल. ऐकणारा निघून गेला तर धंदा कसा चालेल?

मनस्वीने कंपनीला फोन लावला. एका गोड आवाजाने तिची तक्रार नोंदवून घेतली आणि आणखी काही मदत हवी का म्हणून विचारलं. तिच्याकडे एक किल्ली होती, स्टेशनचा सगळा प्रवाह तोडणारी. ती फिरवली की नोकरी जाणार, व्हिसा जाणार, हे करारातच होतं. तिने फिरवली. पडदा काळा झाला. फोनमधून एल्विराचा आवाज तसाच येत राहिला. यंत्राचा मेंदू एव्हाना प्रत्येकाच्या फोनमध्येच जाऊन बसलेला होता.

दोघी गाडीत बसल्या. वस्तीच्या तोंडाशी कॅप्टनने त्यांना मुखवटे आणि भोंगा दिला. एल्विराने मुखवटा वर सरकवला आणि भोंग्यात बोलली. मी एल्विरा. दारं उघडा. ढग येतोय. ती घरोघर नावं घेत गेली, आडनावासकट, कुणाची आई कोणत्या गावची ते सांगत. खोकला येईपर्यंत बोलली, मग मुखवटा लावला, मग पुन्हा बोलली.

एका घराच्या पत्र्याआडून बाईचा आवाज आला. ती कुणाशी तरी बोलत होती. आहे, बाहेर तुमच्याच आवाजात बोलतेय कोणीतरी. मग कानातलं उत्तर ती ऐकत असावी. मग ती बाई आतल्या पोरांना म्हणाली, “सांगितलं होतं ना दोन्या एल्विरांनी? मी हाक मारली तरी उघडू नका.”

एल्विराच्या हातातला भोंगा खाली आला.

मनस्वीने आजवर त्या बाईला चिडलेली पाहिली होती, थकलेली पाहिली होती. हे तिसरंच काही होतं. एल्विराने तोंडातून पुन्हा शब्द काढला नाही. ती लेकीच्या घराकडे चालत गेली. दारावर अग्निशमनवाला हातोडा घेऊन उभा होता, आतून कपाट लावलेलं. तिने त्याला बाजूला केलं आणि घराला वळसा घालून मागच्या भिंतीशी गेली. मागच्या खोलीशी. पत्र्याला बोटांची टोकं लावून ती हळू वाजवायला लागली. थाप नव्हती ती. कंगव्याचे दात फिरवावेत तसं, मग थांबणं, मग पुन्हा.

हे मनस्वीला नंतर कळलं. आरासेली लहान असताना तिचा बाप पिऊन यायचा. पोरगी घराबाहेर, पायऱ्यांखाली लपायची. तो झोपला की एल्विरा आतून पत्र्यावर अशी बोटं फिरवायची. आता ये, काही होत नाही. बोलायची सोयच नव्हती, आवाजाने तो उठला असता. ही गोष्ट एल्विराने रेडिओवर कधी सांगितली नव्हती. फोनवर तर नाहीच. मायलेकीही आपसात त्याबद्दल बोलल्या नव्हत्या.

आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मागची छोटी खिडकी उघडली. आरासेलीने आईकडे पाहिलं, कानातला इअरबड काढला आणि आधी धाकटीला बाहेर दिलं. मग थोरलीला. मग ती स्वतः उतरली. नेस्तोर आला नाही. तो म्हणाला, तू जा, तुझ्याकडे कागद आहेत. ही युक्ती असली तर पोरींना बाप तरी उरेल. युक्ती नसली तर बाप कसा उरेल, असं विचारायला वेळ नव्हता. भीतीतला माणूस असाच हिशेब करतो. खिडकी आतून बंद झाली.

ढग वस्तीत शिरला तेव्हा दोनच दारं फोडून झाली होती. कपाटं लावलेली होती, पलंग लावलेले होते. लोक सांगितल्याप्रमाणे मागच्या खोल्यांमध्ये बसले होते, दिवे बंद करून, पोरांच्या तोंडावर हात धरून.

मेलेल्यांचा आकडा सगळ्या देशाने छापला. नावं कुणी वाचली नाहीत. पूर्वी ते काम एल्विराचं होतं. कंपनीने निवेदन काढलं की यंत्रणेने स्थानिक समाजाच्या प्रस्थापित सुरक्षा-सूचनांचं पालन केलं. खोटं नव्हतं ते. चौकशी समितीपुढे एल्विराचं ते जुनं वाक्य तीनदा वाजवण्यात आलं आणि साहेबलोकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू धाडी तिनेच पाठवल्या होत्या. त्या दारांवर वर्षानुवर्षं थापा कोण मारत होतं, दार उघडणं आणि घर मोडणं हे एकच आहे असं या माणसांना कोणी शिकवलं, आणि इशारा पहिल्यापासून त्यांच्या भाषेत द्यायला कोणी हात धरला होता, हे एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर त्याच टेबलाभोवती बसलेलं होतं.

एल्विराने समितीपुढे तोंड उघडलं नाही. त्या रविवारनंतर ती कोणाशीच बोलली नाही. घशाला काही झालं नव्हतं, डॉक्टरने तपासलं. तिने एका कागदावर मनस्वीला लिहून दिलं: मी जे बोलेन ते त्याच्या तोंडात जाईल. आरासेली मुलींना घेऊन आईकडे राहायला आली. दोघी एका घरात राहायच्या आणि बोटांनी टेबलावर वाजवून एकमेकींना हाक मारायच्या. नेस्तोरचा विषय दोघींपैकी कोणी काढत नसे.

मनस्वीला सामान आवरायला थोडी मुदत मिळाली होती. निघायच्या आधीच्या सकाळी तिने जुना फोन चालू केला, नंबर उतरवून घ्यायला. त्यात ओईदो होतंच. ते आपणहून सुरू झालं. एल्विराने तिला नाव घेऊन शुभ सकाळ म्हटलं, खोऱ्यात आज ऊन आहे म्हणाली, आणि ‘खिडकी’ लावली. फेर्मिन बोलत होता. फेर्मिन त्या रविवारी लास पाल्मासमध्ये बहिणीकडे जेवायला गेला होता. तो म्हणाला, पाणी उतरलंय, समोरच्या घरी धुणं वाळत घातलंय, मुलं खेळतायत. सगळं ठीक आहे.

मनस्वीने फोन उशीखाली दाबला. मग दुसऱ्या फोनवरून वसमतला लावला. आईने उचलला.

तिने आईला सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचा बांध फुटला. आई, ते कानातलं काढ, आत्ता काढ, असं ती म्हणत राहिली. 

आई म्हणाली, “सुमनताई तर म्हणल्या तिकडं नुसतं धुकं पडलं होतं म्हणून.”

“आई, मी तिथे होते.”

“माझी मनू अशी रडत नसती. कोण बोलायलंय?”

“अगं मीच. मनू.”

“आजकाल लोक आवाज काढून बोलतेत, पैसे मागतेत, सुमनताईंनी सांगून ठेवलंय.” आईचा आवाज जरा कापला. “खरी असशील तर असं सांग काहीतरी, जे आपल्या दोघींनाच ठावं.”

मनस्वीने हळदीच्या वासाची गोष्ट सांगितली, लहानपणी ती कणगीत लपून बसली होती तेव्हाची. आई म्हणाली, हे तर आपण दिवाळीला फोनवर बोललो होतो. मनस्वीने बाबांचं शेवटचं बोलणं सांगितलं. तेही फोनवर झालं होतं. मोडलेल्या लग्नाचं सांगितलं, चोरून खाल्लेल्या गुळाचं, शाळेतल्या मारामारीचं. आई प्रत्येक वेळी ऐकून घ्यायची आणि हळूच म्हणायची, हे बी झालंय बोलून. दहा वर्षं परदेशात काढली होती. आईला काही म्हणून सांगायचं राहिलं नव्हतं, आणि सगळं फोनवर सांगितलं होतं.

तिला ती बोटं आठवली, पत्र्यावरची. तिने उगाच फोनच्या पाठीवर नखं फिरवली.

“काय खरखरायलंय?” आई म्हणाली. मग कानातलं कोणीतरी आईशी बोललं असावं, कारण आईने ‘होय ताई’ म्हटलं.

“आई,” मनस्वी म्हणाली. “आई, ऐक ना.”

पलीकडे कडी लावल्याचा आवाज आला. दाराची असावी. मग फोन बंद झाला.